साखर खाऊन घेतलेले घर

विषय: तळ्याकाठच्या घराची खरेदी रद्द होण्याबाबत.
संदर्भ: एका विणकराने दरबारात दाखल केलेला अर्ज.

उपरोक्त विषयाची हकीकत अशी, की फार पूर्वी एका नगरीत एक विणकर राहत होता. त्याचा माग खड्ड्याचा होता. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून बसायचे आणि विणायचे. घर लहान असल्याने खड्डा एकच. बायकोचा हात त्याच्यापेक्षा सफाईदार होता, पण तिच्या वाट्याला नुसते सूत गुंडाळणे आले. वीस वर्षे तिचे एकच मागणे होते, "मला माझा माग हवा." अखेर विणकराने जुने घर विकले आणि दोन खड्डे मावतील असे घर शोधू लागला.

त्या नगरीत घरांचे दलाल दोन. पहिला आला तो खांद्यावर पहार टाकून.

"तळ्याकाठी एक घर आहे," तो म्हणाला. "पण घेऊ नका."

"का बुवा?"

"खाली ओल आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, ही पहार घ्या आणि हातभर खणून बघा. दुसरं घर टेकडीवर आहे. चढ दमवतो, विहीर लांब, वरच्या अंगाचा शेजारी भांडकुदळ. पण जमीन कोरडी ठणठणीत."

तो गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, माणूस खरा वाटतो."

"खरा?" विणकर फणकारला. "हा घर विकायला आलाय की घराचं श्राद्ध घालायला?"

दुसरा दलाल आला तो हसतच. "काका, काकू, तुमच्यासाठीच एक घर राखून ठेवलंय!" असे म्हणत तो दोघांना तळ्याकाठी घेऊन गेला.

आता त्या नगरीची एक रीत होती. घर दाखवणाऱ्याने उंबऱ्यावर पाहुण्यांच्या हातावर साखर ठेवायची, आणि साखर खाल्ली की त्या घराला नावे ठेवायची नाहीत. रीत कोणी घातली हे कोणालाच ठाऊक नव्हते. एखाद्या दलालानेच घातली असावी.

विणकराने साखर तोंडात टाकली आणि आत पाऊल ठेवले. भिंतींना नवा चुना होता, पण फक्त गुडघ्यापर्यंत. घर वर्षभर रिकामे आहे असे दलाल सांगत होता, आणि जमीन मात्र त्याच सकाळी सारवलेली. विणकराला दोन्ही गोष्टी दिसल्या. आयुष्यभर धागा पारखलेली नजर ती, चुकणार कशी?

बायकोने त्याला कोपर मारले. "विचारा की! चुना अर्धाच का?"

"गप्प," तो कुजबुजला. "साखर खाल्लीय आपण. चार लोकांत शोभा करायची आहे का?"

"भीड भिकेची बहीण असते हो."

"काय म्हणतात काकू?" दलालाने विचारले.

"घर छान आहे म्हणते," विणकर म्हणाला, आणि तिथेच व्यवहार ठरला.

कार्तिकात दोघे राहायला आले. विणकराने पहिला खड्डा बायकोसाठी खणला. तिने पदर खोचला, हळदकुंकू वाहिले, माग बसवला आणि पोरीसारखी हरखून खड्ड्यात पाय सोडून बसली. तिसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. आठव्या दिवशी पाणी गुडघ्याला लागले, मागाची लाकडे फुगली आणि लावलेले सूत कुजले. दुसरा खड्डा खणायची गरजच उरली नाही.

विणकर धावत दलालाकडे गेला. दलालाने कपाळाला हात लावला.

"अरेरे! पण काका, त्या दिवशी तुम्ही एक अक्षर तरी बोललात का?"

"साखर खाल्ली होती ना!"

"मग झालं तर. साखर खाऊन आता तक्रार? तुमच्यासारख्या जुन्या माणसाला शोभतं का हे?"

टेकडीवरचे घर तोवर एका कुंभाराने घेतले होते. पहार घेऊन जाऊन, खणून बघून.

तेव्हा विणकराने दरबारात अर्ज केला. पाहणीचा हुकूम निघाला, आणि कारकून चैत्रात आला. तळे तेव्हा आटलेले होते. त्याने लिहिले, 'खड्डा कोरडा आढळला. अर्जदार विणकाम का करीत नाही, याचा खुलासा घ्यावा.' विणकराने खुलासा दिला, की पावसाळ्यात येऊन पाहावे. पावसाळ्यात शेरा आला, 'घराकडे जाणारी वाट पाण्याखाली असल्याने पाहणी शक्य झाली नाही.' मग दरबाराने जाणकाराचे मत मागवले. घरांचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून नगरीने एकमुखाने ज्याचे नाव सुचवले, तो हसरा दलाल होता. कोणाशी त्याचा कधी वाकडा शब्द झाला नव्हता.

त्याचे मत अजून यायचे आहे.

विणकर हल्ली दुसऱ्याच्या मागावर रोजाने बसतो. बायको तिथेच बाजूला सूत गुंडाळते. नवऱ्याशी ती फारसे बोलत नाही.

तात्पर्य: जो दलाल घराचे दोष आपणहून सांगतो त्याच्याकडून घर घ्यावे, आणि जो तोंड गोड करतो त्याच्यापुढे तोंड उघडावे. हे घर घेण्यापूर्वी करावे. नंतर केल्यास त्याला अर्ज म्हणतात.

सदर अर्ज प्रलंबित आहे.