दीर्घश्मश्रूचं सूत्र आणि लाकडी अडसर

पूर्वी कृतयुगात, माणसं देवांशी तोंडाला तोंड देऊन भांडत व्हती तवा, वेत्रवनाच्या कडंला शरभ राजाचं नगर व्हतं. राजा जमदग्नीसारखा तापट, पण रयतेवर जीव. डोंगरापलीकडचा घोरदंष्ट्र दैत्य, हत्तीएवढे दात त्याचे, दर हंगामाला नगरात घुसून माणसं उचलून न्यायचा. राजानं उग्र तप केलं. विश्वकर्मा पावला आणि त्यानं एक यंत्र दिलं.

यंत्राला दोनच गोष्टी सांगायच्या. काय बांधायचं, आणि त्याचं सामान कुठंकुठं हुडकायचं. त्या वाटांनी जाऊन ते नावानं वस्तू उचलून आणायचं आणि आपसूक बांधायचं. ते चालवायचं कसं याची सूत्रं दीर्घश्मश्रू मुनीनं रचलेली. गुडघ्यापातूर दाढी, वेदवेदांगात पारंगत, भवती शिष्यांचा गराडा. अख्खा अध्याय विश्वकर्म्याच्या स्तुतीला, आणि मेन गोष्टीला अर्धी ओळ: ‘यंत्रास वाटा सांगाव्यात.’ कोणती आधी, कोणती मागनं, त्यानं काय फरक पडतो, एक अक्षर न्हाई.

राजानं नगराची वेस बांधायला सांगितली, आणि वाटा सुचंल तशा सांगितल्या. आधी वेत्रवन, मग विंध्य, शेवटी पाताळ. त्याच्या मनात, लाकूड वनातलं, दगड विंध्याचा, आणि वेशीचा अडसर पाताळातल्या नागांच्या भट्टीतला, वज्रासारखा लोखंडी. वेस अशी उभी ऱ्हायली की इंद्रानं मान वर करून बघावं. अडसरावर यंत्रानं तांब्याचा पत्रा चढवला. आत काय हाय ते कुणाला दिसणार?

घोरदंष्ट्र आला. त्याच्या धडकंसरशी अडसर काडीवाणी मोडला. राजाचा धाकटा भाऊ कुरंग, त्यानं दाराला पाठ लावली आणि बायापोरं डोंगरावर चढंस्तवर हटला न्हाई. मागनं राजानं दैत्याला भाल्यावर घेतला. पण तोवर कुरंग दाराखाली चेंगरला व्हता.

राजानं अडसराचा तुकडा उचलला. आत लाकूड. कुण्या लाकूडतोड्यानं आपल्या खोपीच्या दाराला केलेला अडसर. त्यानं यंत्राला जाब विचारला.

यंत्र म्हणलं, “तू वनाचं नाव आधी घेतलंस. तिथं अडसर मिळाला. एकदा मिळाला की मी पुढच्या वाटंला बघत न्हाई.”

“हे मला कुणी सांगायचं व्हतं?”

“ज्यानं सूत्रं लिहिली त्यानं.”

राजा रक्ताच्या हातांनीच आश्रमात घुसला. शिष्य आडवे आले, मुनिवर नव्या भाष्यात गर्क हायेत म्हणाले. त्यानं त्यांना ढकलून दिलं आणि वाटांचा क्रम का लिहिला न्हाईस म्हणून मुनीला खडसावलं.

दीर्घश्मश्रूनं डोळे अर्धेच उघडले. “राजन्, प्रथम जे लाभेल ते ग्राह्य, हे तर उघडच आहे. जाणत्यास ते सांगावे लागत नाही.”

“जाणत्याला सूत्र लागतंय कशाला?” राजा म्हणला. “न जाणणाऱ्यासाठीच लिहिलं व्हतंस न्हवं? तुला ठाऊक व्हतं, आणि तू गिळून बसलास. माझा भाऊ त्या गिळलेल्या ओळीखाली मेला.”

शिष्यांतला एकजण हळूच म्हणाला, आम्ही पण हेच विचारलं व्हतं, तवा आम्हाला मूढ म्हणाले. मुनीनं त्याच्याकडं रागानं बघितलं.

राजानं कमंडलूतलं पाणी ओंजळीत घेतलं. कुरंगाच्या रक्तानं ते लाल झालं. “तू माशी होशील. जन्मभर माती वाहून घर बांधशील. तुझी वाट तुला कुणी सांगणार न्हाई.”

ओंजळीतलं पाणी भुईला लागलं तशी दाढी गळाली, पंख फुटले. मुनी पाय धरायला आला, तर त्याला पायाला बोट लावता येईना, नुसता भणभणायला लागला. राजाचा राग तरी निवला न्हवता, पण कुरंग असता तर त्यानं हात धरला असता, हे आठवून त्यानं उःशाप दिला: “निघायच्या आधी घराभवती फिरून खुणा बघून ठेव. तेवढं केलंस तर परत येशील.”

म्हणून कुंभारमाशी अजून घरट्यावरनं उडताना आधी घिरट्या घालते. पोरांनी शेजारचा एक खडा हलवला तरी येड्यावाणी भिरभिरते, चिखलाची गोळी तोंडात धरून. आणि ‘हे तर उघडच आहे’ म्हणणाऱ्या शहाण्या माणसांच्या भिंतींनाच तिची घरं जास्त चिकटलेली दिसतात, ते बी बघा.