बोटाची ओळ

नवखारच्या तेलीआळीत, बंद पडलेल्या सिनेगॉगच्या ओट्यावर एक पत्र्याचा डबा आहे. पाहुण्यांनो, त्यातला कागद एकट्याने वाचायचा नाही. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ओळीखाली बोट ठेवायचं. ही रीत मिल्काबाईने घालून दिली, असं सांगतात.

शनिवारी घाणा बंद ठेवणारी बेने इस्राएली ज्यूंची बारा घरं इथे होती. एकेक करत सगळी इस्राएलला गेली. मिल्काबाईचा भाऊ शालोमही गेला. आईबापाच्या कबरींपाशी कुणीतरी हवं, म्हणून मिल्काबाई राहिली. तिला अक्षरओळख नव्हती. भावाची पत्रं आळीतला दुकानदार हिराजीशेठ दुकानाच्या फळीवर बसून वाचून दाखवी. दर वेळी तेच, ‘सगळे खुशाल. तू तिथेच बरी आहेस.’ ते ऐकून ती पत्र घेऊन घरी जाई. अकरा घरांना कुलपं, बोलायला कोण? भावालाही आपण नकोशा झालो, असं तिने मनाशी धरलं होतं म्हणे.

मग शाळेत आंबेतकर बाई आल्या. “पुस्तकात तुमच्या लोकांवर दोनच ओळी आहेत, आजी. घरात कागद असतील तर मुलांनाच वाचू द्या.” म्हातारी पत्रांचा डबा घेऊन वर्गात बसली. एक मुलगी वाचू लागली, ‘मिल्काबाय, तुझी खोली तयार आहे. या वर्षी तरी ये.’

“थांब गो. कागदावर नसलेलं वाचू नकोस.”

“आहे, आजी. हे बघा,” मुलीने ओळीवर बोट ठेवलं.

प्रत्येक पत्रात ‘ये’ होतं. शेवटचं भाचीचं होतं: ‘बाबा गेले. आत्या का येत नाही, हेच विचारत होते.’

मिल्काबाई थेट दुकानात गेली. शेठने मान खाली घातली. “तू गेली असतीस तर आळीत दिवा कोण लावणार होतं, बाय?”

“मेल्या, मला विचारायचं तरी होतंस!”

माल ग्राहकाने हातात घेऊन पाहावा, हे जन्मभर शिकवणारा माणूस तो! पण वाचताना कागद मात्र त्याने स्वतःच्याच हातात ठेवला.

पुढच्या शनिवारी तिने एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचं, गोड पोह्यांचं, ताट मांडलं आणि बोलली, “या गावात कागद एका तोंडाने वाचला जाणार नाही.” ती इस्राएलला गेली नाही. आता बोलावणारा भाऊ कुठे उरला होता?

आजही शाळा वर्षातून एकदा इथे भरते. भाचीचं पत्र शेवटी निघतं. ‘आत्या का येत नाही’ पाशी वाचणारा थांबतो. बोट त्या ओळीखाली तसंच राहतं, आणि ते उचल असं कुणी म्हणत नाही.