निष्कर्षावरचा हात

"पण हा तरी खरा आहे ना, बाई?"

निरंजन दाभाडेने कागद पुढे केला. तो गावातला नावाजलेला भूलतज्ज्ञ. मोनेबाई त्याच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपाल होत्या. आता निवृत्त झालेल्या, ओसरीवर मोड आलेले वाल सोलत बसलेल्या.

"किती वाचलेस?"

"तीनशे शोधनिबंध. सगळं नेट पिंजून काढलं. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स पहिल्याच दिवशी बाद केली. तेवढं कळतं मला."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

निरंजनने कागद त्यांच्या आणखी जवळ सरकवला.

पाच महिन्यांपूर्वी पक्षाघाताने त्याच्या बायकोची, वासंतीची, वाचा गेली होती. तिने एकदा नुसतं "अहो" म्हणावं, एवढ्यासाठी त्याचा जीव तुटत होता.

"या औषधाने बोलणं परत येतं, असं लिहिलंय," तो म्हणाला. "परदेशात मिळतं. तुम्ही हो म्हणा, उद्याच मागवतो."

बाईंची एक जुनी खोड होती. विद्यार्थ्याच्या हाती जर्नल देताना त्या निबंधाच्या निष्कर्षावर कोरं कार्ड ठेवायच्या. आधी आकडे वाच, म्हणायच्या. पोरं हसायची, आणि निरंजन सगळ्यांत जास्त.

आज कार्ड नव्हतं. बाईंनी निष्कर्षावर आपला ओला तळहात ठेवला.

"आता वाच."

"औषध दिलेले रुग्ण वीस. त्यांतले सहा बोलू लागले."

"आणि न दिलेले?"

"तेही वीस." तो अडखळला. "त्यांतले... सहा."

हा तक्ता त्याने शंभरदा तरी पाहिला असेल. तो दुसरा सहा त्याला आज दिसला.

बाईंनी हात उचलला. खाली शब्द होता, आशादायक. कागद तिथे भिजला होता.

निरंजनचे डोळे भरून आले. "मला तेवढाच शब्द हवा होता, बाई."

"वासंतीजवळ दिवसभर कोण असतं?"

"एक मावशी ठेवल्यात. मी दवाखान्यातून आलो की आतल्या खोलीत... शोधत बसतो."

बाईंनी पुढचा वाल सोलायला घेतला.

"आता कुठे शोधू, बाई?"

"औषध न दिलेलेही सहा बोलले ना रे? ...त्यांच्याशी कोण बोलत होतं, ते लिहिलंय का कुठे?"