तोफांच्या आधीचा प्रसंग

सिनेमा थिएटरातून उठून माणसांच्या दिवाणखान्यात राहायला आला, त्या काळची ही गोष्ट. एका दुकानाच्या फळीवर दोन स्पीकर शेजारी होते. ढोल्या अगडबंब, बारक्या वहीएवढा. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला लढाईचाच प्रसंग लावून दाखवी. ढोल्यावर पाण्याचा पेला ठेवी, आणि तोफ उडाली की पाणी थरथरे. गिऱ्हाईक "वा!" म्हणे आणि ढोल्याची छाती फुगे. "तू नुसता पुटपुटतोस," असे तो बारक्याला हिणवी.

एकदा रेवतीबाई वडिलांना घेऊन आल्या. आप्पांना कमी ऐकू येई. तोफा उडाल्या, पेला थरथरला, पण आप्पा तसेच बसून राहिले.

"लढाई पुरे," रेवतीबाई म्हणाल्या. "तिच्याआधी कुणी कुणाशी बोलतं का? ते लावा."

पडद्यावर एक सैनिक घरातून निघाला होता आणि बाप दारात उभा राहून त्याला निरोप देत होता. ढोल्याचे काम फक्त धडाडधूम घुमवण्याचे, त्यामुळे तिथे त्याला काही करायचे नव्हते. बारक्या एकेक शब्द स्वच्छ बोलला. आप्पांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "हाच घे गं," ते म्हणाले.

ढोल्या चक्रावला. ही लढाई त्याने हजारदा गाजवली होती. पण कोण लढतोय, कुणाला मागे ठेवून, हे त्याला ठाऊकच नव्हते.

"बारक्या," त्याने पहिल्यांदाच हळू आवाजात विचारले, "तो पोरगा घरी परत आला का रे?"

पण बारक्या तोवर खोक्यात गेला होता, आणि दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकासाठी पेला भरत होता.