झिपरूची एकतारी बेस गिटार

तापीकाठच्या एका गावात झिपरू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगाल तेच आणि तेवढंच करायचा. त्याच्या मायनं "जरा दूध बघ" म्हटलं, की तो दूध बघायचा. ते वर यायचं, उतू जायचं, गॅस विझायचा, तरी झिपरूची नजर दुधावरून हटायची नाही. (माझी मुलगी इथं विचारते, "त्यानं गॅस बंद का नाही केला?" मी म्हणते, "कुणी सांगितलं नव्हतं ना." मग दिवसभर तीही माझं तस्संच ऐकते. ही गोष्ट मुलांना सांगावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.)

झिपरूची मोठी बहीण सिंधू. तिची दोन स्थळं झिपरूमुळे मोडली होती. पहिल्या पाहुण्यांनी विचारलं होतं, "मुलगी शांत स्वभावाची आहे ना?" झिपरू म्हणाला, "झोपल्यावर." दुसऱ्यांचं तर सांगवत नाही. आता तिसरं स्थळ यायचं होतं. सिंधू म्हणाली, "झिपरू, ह्या वेळी मोडलं ना, तर मी काही पुन्हा कांदेपोहे करायची नाही. पण एक आहे. जमलं, तर माझ्या लग्नात तूच वाजवायचं."

कारण झिपरूला नुकतंच काम मिळालं होतं. गावात रमण आप्पांचा लग्नाचा बँड होता. त्यातला बेस गिटार वाजवणारा सुरतेला निघून गेला, गिटारसकट. बेस गिटार म्हणजे लांब दांड्याची, चार जाड तारांची. गाण्याच्या खालून दुम् दुम् करत राहते. असली तर कुणाच्या लक्षात येत नाही, नसली तर नाचणाऱ्यांचे पाय चुकतात. असं काम करायला न कंटाळणारा माणूस लागतो. झिपरूला कंटाळा कसा करतात हेच माहीत नव्हतं.

आप्पा म्हणाले, "शहरात जा आणि गिटार निवडून आण. रंग बघू नको. गळ्यात अडकवायची आणि तासभर उभं राहायचं. खांदा दुखला नाही, तर ती आपली."

झिपरू दुकानात गेला. पहिली गिटार गळ्यात अडकवली आणि उभा राहिला.

दुकानदार म्हणाला, "वाजवा की."

"आप्पांनी उभं राहायला सांगितलंय."

तासाभरानं दुसरी घेतली. मग तिसरी. दुकानात सात गिटारी होत्या. दुकानदार जेवून आला, एक डुलकी काढून उठला, तरी झिपरू उभाच. सातव्या गिटारीला खांदा दुखला नाही, कारण तोवर तो बधिर झाला होता. झिपरू म्हणाला, "हीच."

मग त्यानं तार छेडली. आवाज नावापुरताच आला. "ही मुकी दिसते," तो म्हणाला.

दुकानदारानं वायर आणली. एक टोक गिटारीत खुपसलं, दुसरं आवाजाच्या डब्यात. दुम्! काचा हादरल्या. "हे बघा दादा," दुकानदार म्हणाला, "गप्प असली, तर समजायचं वायर जोडायची राहिली. वायर जोडायची आणि वाट बघायची."

झिपरूनं हे मनात पक्कं केलं आणि गिटार, वायर घेऊन घरी आला.

घरी पाहुणे बसलेले. नवरा मुलगा युवराज खाली मान घालून. सिंधूनं पोहे दिले, तो गप्प. नानांनी, म्हणजे झिपरूच्या वडिलांनी, शेतीचं विचारलं, तो गप्प. सगळ्यांना घाम फुटला. सिंधू पदराचं टोक पिळत बसली.

झिपरूनं ओळखलं. तो उठला. वायरीचं एक टोक त्यानं युवराजच्या शर्टाच्या खिशात खुपसलं. दुसरं हातात धरून समोर बसला.

युवराजची आत्या म्हणाली, "हे काय चाललंय?"

"वाट बघतोय," झिपरू म्हणाला. "राहिली असेल जोडायची."

आत्या चप्पल घालायला उठलीसुद्धा. तेवढ्यात युवराजनं खिशाकडं बघितलं, झिपरूकडं बघितलं आणि तो असा हसला, की पोहे सांडले.

"आला आवाज!" झिपरू म्हणाला.

सिंधूही हसली. हसता हसता दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि तिथंच लग्न जमलं. आत्यानं चप्पल काढून ठेवली, पण नाखुशीनं.

पाहुणे गेल्यावर नाना म्हणाले, "गाढवा, गप्प बसलेल्याला कुणी वायर लावतं का? त्याला गरम चहा द्यावा. चहा पोटात गेला, की बोलतं होतं सगळं."

दुसऱ्या दिवशी आप्पांकडं सराव होता. झिपरूनं गिटार आप्पांच्या आवाजाच्या डब्याला जोडली, तार छेडली. डबा गप्प. गावातली वीज गेली होती. ते सगळ्यांना माहीत होतं, पण झिपरूला कुणी सांगितलं नव्हतं. तो घरी गेला आणि किटलीभर चहा घेऊन आला. आलं घातलेला. डब्याच्या जाळीतून त्यानं तो सावकाश ओतला. डब्याला चटका बसू नये म्हणून फुंकर घालत.

वीज आली. डबा एकदा "फुस्स" म्हणाला आणि त्यानंतर कधीच काही म्हणाला नाही.

आप्पांनी कपाळाला हात लावला. "माझ्या बाबा, मनानं काही करत जाऊ नको! दुकानात जा. विचार, गिटारीबरोबर काय काय लागतं. ते सांगतील ते आण."

झिपरूनं दुकानात विचारलं, "काय काय लागतं?"

असा प्रश्न दुकानदाराला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्याचे डोळे पाणावले. पायानं दाबून आवाज बदलायच्या नऊ पेट्या, दोन मोठे डबे, एक बॅटरीवरचा छोटा डबा, तीन पट्टे, दिवे लागणारं स्टँड, गिटार पुसायचं फडकं, आणि फडकं ठेवायची पिशवी. (मला स्वतःला दुकानात "नको" म्हणता येत नाही. बाळाच्या दुपट्यांचा एक कप्पा आमच्याकडं अजून उघडलेला नाही. त्यामुळं इथं मी झिपरूला फार हसत नाही.)

तो टेम्पो भरून आला. आप्पा बाहेर आले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. झिपरू चहा ठेवायला निघाला, तेव्हा मात्र बोलले.

"इकडं ये. ही पेटी घे. ही नसली, तर गाणं अडतं का?"

"नाही."

"मग परत. हे स्टँड नसलं, तर गाणं अडतं का?"

"नाही."

"परत. आयुष्यभर ध्यानात ठेव झिपरू. एक गिटार, एक वायर, एक छोटा डबा. माणसाला एवढं पुरतं. बाकी जे नसलं तरी गाणं अडत नाही, ते आलं तिथं परत पाठवायचं. आणि भांडायचं नाही. हात जोडून, गोड बोलून."

झिपरूला हे फार आवडलं. इतकं सोपं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. टेम्पो परत गेला. मग त्यानं गिटारीकडं पाहिलं. चार तारा. तो वाजवायचा सगळ्यात जाड तारेवर. उरलेल्या तिघींना त्यानं एकेक करून विचारलं, "तू नसलीस, तर गाणं अडतं का?" कुणी हो म्हणालं नाही. त्यानं हात जोडले आणि तिन्ही तारा दुकानात परत देऊन आला.

सरावात त्यानं एकाच तारेवर वाजवलं. आप्पा म्हणाले, "आज ठेका काय घट्ट बसलाय!"

लग्नाचा दिवस आला. मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरदेव मारुतीच्या देवळापासून घोडीवर बसून मांडवात यायचा होता. आमच्याकडं हे अंतर चालायला पाच मिनिटं लागतात आणि नाचायला दोन तास. बारा वाजले तरी मिरवणूक देवळापुढंच. युवराजचे मित्र रस्त्यावर लोळून नाचत होते. मांडवात सिंधू पाटावर उभी. भटजी घड्याळ बघत होते. आत्या म्हणत होती, "मुहूर्त टळला, तर मी हे लग्न लागू देणार नाही. मला आधीपासून हे घर पटलेलं नाही."

नानांनी आप्पांना फोन केला. आप्पांचा गाऊन गाऊन घसा बसला होता. ते झिपरूच्या कानात घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी पुढं होऊन आत्याबाईंना धरून ठेवतो. तू मागची जास्तीची गर्दी कमी कर आणि लवकर ये."

आणि ते गेले.

झिपरू पुढं झाला. एका मामांपुढं त्यानं हात जोडले. "मामा, तुम्ही नसलात, तर गाणं अडतं का?"

"नाही बुवा."

"मग आलात तिकडं परत चला. फार बरं वाटलं भेटून."

लग्नात कुणी हात जोडून काही सांगितलं, की माणूस आधी ऐकतो आणि मग विचार करतो. मामांना वाटलं, इकडची रीत असेल. ते वऱ्हाडाच्या बसमध्ये जाऊन बसले. मग काका गेले. मित्र गेले. ढोलवाल्यानं जरा वाद घातला, पण त्याच्या ढोलाशिवायही झिपरूनं दुम् दुम् करून दाखवलं, तेव्हा तोही गेला. घोडी काहीच बोलली नाही, म्हणून तिलाही पाठवलं.

बारा चौतीसला झिपरू मांडवात शिरला. एका खांद्यावर छोटा डबा, गळ्यात गिटार, एक तार. दुम्. दुम्. दुम्. वेळेवर.

भटजींनी अंतरपाट धरायला लावला. सगळ्यांच्या मुठीत अक्षता. "नवरदेवाला पुढं आणा," ते म्हणाले.

कुणी पुढं आलं नाही.

सिंधूनं अंतरपाटाच्या बाजूनं डोकावून बघितलं. "झिपरू... हे कुठं आहेत?"

"परत पाठवले. बस एव्हाना फाट्यावर गेली असेल."

"नवरदेवाला?"

"मी सगळ्यांना विचारलं तसं दाजींनाही विचारलं, तुम्ही नसलात, तर गाणं अडतं का? त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाले, नाही." झिपरूनं बहिणीकडं कौतुकानं पाहिलं. "खरं बोलणारा माणूस आहे, आक्का. माझं ऐक, ह्याला नाही म्हणू नको."