नगरसेवकाचं मनगट

“आता तुम्हीच सांगा वस्ताद, वॉर्डासाठी मी काय करायचं बाकी ठेवलं?”

नगरसेवक सुकुमार मगदूम तालमीच्या दाराशी बाकावर बसला होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. संध्याकाळी चौकात त्याचा सत्कार होता. मांडव घातला होता, खुर्च्या मांडून झाल्या होत्या.

एकच गोष्ट अडली होती. मुल्लाणी वस्तादांनी अजून येतो म्हटलं नव्हतं.

गावाची रीत होती. तालमीतला पैलवान कितीही मोठा झाला, तरी त्याच्या सत्काराचा पहिला शब्द वस्तादांचा. वस्ताद आले नाहीत, तर गाव काय समजायचं ते समजणार. आणि निवडणूक तोंडावर आली होती.

सुकुमारनं परिचयाचं पत्रक पुढं केलं.

“चष्मा नाही,” वस्ताद म्हणाले. “तोंडानं सांग.”

“तुम्हाला काय सांगायचं? वडील मार्केट यार्डात हमाल. मी वाढलो याच मातीत. मैदानं मारली. माझं मनगट धरून ठेवणारा पैलवान भेटला नाही.”

“खरं आहे. तुझ्यासारखा सुटणारा मी दुसरा घडवला नाही.”

सुकुमार खुलला. “मग नगरसेवक झालो. रक्तदान शिबिरं घेतली. वाचनालय आणलं. बायकांसाठी संडास बांधला. महापुरात तर माणसं पाठीवर घेऊन शाळेत पोचवली.”

“ते मी बघितलंय. पाठीवरच्या म्हातारीनं तुला कुठं धरलं होतं?”

“मानेला!” सुकुमार हसला. “असं आवळलं होतं, की श्वास कोंडला माझा.”

“सुटला नाहीस?”

“सुटून कसं चालेल, वस्ताद? बुडाली असती ती.”

वस्तादांनी नजर वळवली.

समोर कुस्तीच्या हौद्यात, लाल मातीत, दोन पैलवान लढत होते. त्यातला एक सारखा निसटत होता.

“ए दिग्विजय! तेल लावून उतरलास काय रे?”

“मालिश केली होती वस्ताद. पुसायचं राहिलं.”

“मग त्यानं तुला धरायचं कुठं? पूस आधी. आणि माती लावून घे. त्याच्याच हातनं.”

जोडीदारानं मूठभर माती उचलली आणि दिग्विजयच्या पाठीवर, दंडावर चोळली. “नवरदेवाला हळद लागली!” कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं. दोघं पुन्हा भिडले. या वेळी पकड बसली.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेर शेवंताकाकू येऊन थांबल्या. चौकात भाजी विकायच्या. राहायला सुकुमारच्याच वॉर्डात. बायका तालमीत पाऊल टाकत नाहीत, म्हणून त्या बाहेरच उभ्या राहिल्या.

“इथं सापडशील म्हणून आले, बाबा.”

सुकुमार उठून दारात गेला. “काकू, तुमचं काम माझ्या डोक्यात आहे.”

“डोक्यात असून काय उपेग? दाराला पायजे. संडासाच्या दाराला आतनं कडी न्हाई. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरनं दार धरून उभं ऱ्हायचं. काल सून एकटीच गेली. कुणीतरी दार ढकललं…”

काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

“ठेकेदाराला सांगितलंय मी.”

“ठेकेदार म्हणतो, पालिकेत जावा.”

“बरोबर आहे. देखभाल पालिकेकडं असते.”

“पालिका म्हणती, नगरसेवकाला धरा.”

“मग उद्या ऑफिसात या ना.”

“ऑफिसात तू नसतोस.”

“फोन करायचा.”

“उचलतोय कोण?”

काकूंनी बाहेरूनच हात लांब केला आणि त्याचं मनगट धरलं. “आत्ता चल. गल्लीच्या टोकाला तर हाय.”

सुकुमारनं ठरवून काही केलं नाही. मनगट आपोआप काकूंच्या अंगठ्याकडं फिरलं, झटका बसला, आणि काकूंची मूठ रिकामी राहिली.

हौद्यातले दोघं थांबले. दिग्विजयनं शीळ घातली. “सुकुमारदादा, अजून तेच मनगट!”

“वस्तादांची शिकवण आहे,” सुकुमार म्हणाला. ताठ मानेनं त्यानं वस्तादांकडं बघितलं.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकत हौद्यापाशी गेले. वाकून मूठभर माती घेतली. त्यातली चिमूटभर कपाळाला लावली.

परत आले.

आणि ती मूठ त्यांनी सुकुमारच्या पांढऱ्या बाहीवर रिकामी केली. मग चोळली. कोपरापासून मनगटापर्यंत, तळव्यापर्यंत. पैलवानाला चोळतात तशी…

“वस्ताद! सत्काराचे कपडे आहेत!”

“शेवंताबाई,” वस्ताद म्हणाले, “आता धरा.”

काकू बिचकल्या. एकदा वस्तादांकडं बघितलं, एकदा त्या लाल झालेल्या बाहीकडं. मग त्यांनी मनगट धरलं. भाजीच्या पाट्या उचलणारा हात होता तो.

…



सुकुमारचं मनगट थोडं वळलं. पुन्हा अंगठ्याकडं. सवयीनं.

मग थांबलं.

“बिजागऱ्या तरी धड आहेत का दाराच्या?” त्यानं हळू आवाजात विचारलं.

“येऊन बघ की.”

“दिग्विजय, तुझ्या मामाचं हार्डवेअरचं दुकान उघडं आहे ना? एक दणकट कडी घे आणि ये मागनं. स्क्रू ड्रायव्हरपण आण.”

“बसवणार कोण, दादा?”

“मी. हसायचं काय त्यात?”

काकू त्याला ओढतच निघाल्या. मनगट सोडलं नव्हतं. गल्लीत उतरल्यावर त्यानं मान मागं वळवली.

“वस्ताद, सत्काराला याल ना? दोन शब्द बोलाल?”

वस्ताद हाताला चिकटलेली माती हौद्यात झाडत होते.

“येतो. तू बाही तेवढी झटकू नकोस, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.”