द्वारकाताईंची बडबड

"पण मॅडम, यांना थोडं झोपवून का नाही घ्यायचं?"

ओजसने आवाज दबका ठेवला होता. कंटाळा मात्र लपत नव्हता.

टेबलावर द्वारकाताई होत्या. पेणच्या एका कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखणाऱ्या. पाय घसरून उजवं मनगट मोडलं होतं. तोंड तेवढं शाबूत होतं, आणि ते थांबायचं नाव घेत नव्हतं.

"आखणी करताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो, डाक्टर. दिवसभर तोंडाला कुलूप. मग बाहेर आले की हे असं होतं बघा..."

ओजसच्या वरिष्ठ डबीर मॅडम हसल्या. "बोलू दे त्यांना."

ओजस नवाकोरा भूलतज्ज्ञ. सोनोग्राफीच्या पडद्यावर तो मज्जातंतू चटकन ओळखायचा. त्याच्या हाताचं हॉस्पिटलभर कौतुक होतं, आणि सगळ्यांत जास्त ते त्याला स्वतःलाच होतं. आज काखेत औषध सोडून ताईंचा फक्त हात बधिर करायचा होता.

सुई मज्जातंतूच्या आत शिरली आणि तिथेच औषध गेलं, तर बोटं महिनोन्महिने बधिर राहतात. कधी कायमचीच. हे ओजसला तोंडपाठ होतं. म्हणूनच तर पडद्यावर त्याचा एवढा भरवसा होता.

"मला सगळं स्वच्छ दिसतंय मॅडम. मग यांनी जागं राहून काय करायचं?"

मॅडम टेबलापाशी आल्या. भूल देणाऱ्याच्या एका हातात सोनोग्राफीचा प्रोब, दुसऱ्या हातात सुई, त्यामुळे औषध ढकलायला दुसरं माणूस लागतं. एरवी ते काम सिस्टर करायच्या. आज मॅडमनी सिरिंज स्वतःकडे घेतली.

सुई आत गेली. ताईंचं चालूच होतं.

"...आणि डाव्या डोळ्याची रेघ उजव्याला जुळली नाही ना, तर अख्खी मूर्ती..."

"ढकला, मॅडम."

"...अख्खी मूर्ती..."

ताई गप्प झाल्या.

मॅडमचा अंगठा सिरिंजवरून उचलला गेला.

"ढकला ना मॅडम! सुई मज्जातंतूच्या बाहेरच आहे. दिसतेय की पडद्यावर."

अंगठा वरच राहिला. मॅडम पडद्याकडे बघतही नव्हत्या. त्या द्वारकाताईंकडे बघत होत्या.

"काय झालं, ताई?"

"करंगळीत... वीज गेल्यासारखं झालं हो."

म्हणजे सुई मज्जातंतूलाच टोचत होती, पडद्यावर दिसत नसली तरी. ओजसने सुई हळूच मागे घेतली. किंचितच.

"आता?"

"आता नाही."

मॅडमनी अंगठा टेकवला. औषध अलगद आत गेलं.

"हां, तर अख्खी मूर्ती तिरळी दिसते," ताई म्हणाल्या.

ऑपरेशन छान झालं. तरी संध्याकाळी औषधाचा असर उतरेपर्यंत ओजसचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो ताईंच्या खाटेपाशी घुटमळत राहिला. शेवटी प्लॅस्टरमधून बाहेर डोकावणारी करंगळी हलली. मग बाकीची बोटं. ताईंनी त्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि प्लॅस्टरमधल्याच बोटांत धरून त्याच्या तळव्यावर एक बाकदार रेघ ओढली. डोळ्याची. जराही न थरथरता.

त्याला रडू आवरेना. त्याने ते आवरलंही नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक पाथरवट बाबा होते. मनगटाचंच ऑपरेशन. ओजसने झोपेचं औषध भरलेलंच नव्हतं. तो प्रोब हातात घेऊन कान टवकारून उभा राहिला.

बाबा छताकडे बघत पडून होते. चकार शब्द नाही.

सिरिंज आजही मॅडमच्याच हातात होती. ओजस त्यांच्याकडे वळला.

"मॅडम, हे तर काही बोलतच नाहीत..."

मॅडमनी अंगठा सिरिंजवर ठेवला नाही.

"मग तू बोल त्यांच्याशी."